साखर आहे, पण रिपोर्टमध्ये दिसत नाही: आफ्रिकेतल्या मधुमेहाच्या चाचण्या आणि प्रयोगशाळा

पिपेट | रविवार, रात्री ९.४०

अडीच वर्षं युगांडात, कंपालाच्या बाहेरच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करून मी मार्चमध्ये परत आले. तेव्हापासून हा धागा डोक्यात घोळत होता, आज बसले लिहायला.

सुरुवात एका माणसापासून करते. वय सत्तेचाळीस, स्वतःची मटोकेची बाग. मटोके म्हणजे हिरवी केळी, ती शिजवून रोज जेवणात खातात. तक्रार एवढीच की तहान भागत नाही आणि रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं. उपाशीपोटी साखर आली ८.२. तिकडे मिलीमोलमध्ये मोजतात, १८ ने गुणलं की आपले आकडे मिळतात, म्हणजे १४८. दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं तेव्हा ८.०. उपाशीपोटी १२६ च्या वर दोनदा म्हणजे मधुमेह, यात वाद नाही. पण त्याच रक्ताची तीन महिन्यांची साखर, एचबीएवनसी, आली ५.९. मधुमेहाची रेघ ६.५ वर. नुसता हाच रिपोर्ट हातात असता तर "काळजी घ्या, वर्षाने या" म्हणून तो घरी गेला असता.

मी यंत्रातून निघालेला आलेख पुन्हा काढला. नेहमीच्या हिमोग्लोबिनच्या शिखरापुढे आणखी एक शिखर, जवळपास तितकंच रुंद. हिमोग्लोबिन एस, ३८ टक्के. विदर्भातले लोक लगेच ओळखतील: एएस पॅटर्न, म्हणजे सिकलसेलचा (लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचा) वाहक. त्या माणसाला आयुष्यात कधी त्याचा त्रास झाला नव्हता, त्याला ते माहीतही नव्हतं.

आता हे असं का होतं ते सांगते. ग्लुकोज हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटतं आणि एकदा चिकटलं की लाल पेशी मरेपर्यंत सुटत नाही. पेशी जगते साधारण १२० दिवस. मुरांब्यात फोड जितके दिवस मुरेल तितका पाक आत जातो, तसं. पण फोड लवकर बाहेर काढली तर पाक कितीही गोड असो, ती कमीच गोड लागणार. ज्यांच्या लाल पेशी लवकर मरतात त्यांची एचबीएवनसी खरी असावी त्याहून कमी येते. यंत्र बरोबर, रीएजंट (चाचणीची रसायनं) बरोबर, कंट्रोल (यंत्र तपासायचे ठरलेले नमुने) बरोबर, आणि तरी रुग्णाबद्दल काढलेला निष्कर्ष चुकीचा.

आफ्रिकेत लाल पेशीवर मलेरियाने हजारो वर्षं चाळणी लावली आहे. सिकलसेलचं एक जनुक असलेलं मूल जीवघेण्या मलेरियातून वाचतं, म्हणून ते जनुक टिकलं. नायजेरियात साधारण चारातला एक माणूस वाहक आहे. बुर्किना फासो आणि उत्तर घानाकडे हिमोग्लोबिन सी हा आणखी एक प्रकार. शिवाय जी६पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता, जिच्यात लाल पेशी लवकर फुटतात, तीही मलेरियाचीच देणगी. २०१७ साली यावर दोन मोठे अभ्यास आले, एक अमेरिकेतला, दुसरा आंतरराष्ट्रीय गटाचा. एकात दिसलं की रक्तातली साखर सारखी असतानाही सिकलसेल वाहक असलेल्या आफ्रिकन-अमेरिकन लोकांची एचबीएवनसी सुमारे ०.३ ने कमी येते. दुसरा जी६पीडीच्या आफ्रिकेत आढळणाऱ्या प्रकाराचा. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून पुरुषाला एकच प्रत पुरते, आणि अशा पुरुषांत आकडा सुमारे ०.८ ने खाली येतो. ०.८ म्हणजे ६.७ चा ५.९ होतो. आमच्या बागवाल्याचं नेमकं हेच असावं असा माझा संशय होता. जी६पीडी तपासायची सोय आमच्याकडे तेव्हा नव्हती, डॉक्टरांनी उपाशीपोटीच्या आकड्यांवर विश्वास ठेवून औषध सुरू केलं.

आणि गंमत नव्हे, मला खरोखर भारावून टाकणारी गोष्ट: ही चाचणी जन्मालाच आली ती हिमोग्लोबिनचे वेगळे प्रकार शोधताना. १९६०च्या दशकाच्या शेवटी तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर रुग्णांच्या रक्तात असामान्य हिमोग्लोबिन शोधत होते. मधुमेही रुग्णांत एक वेगाने सरकणारा पट्टा दिसला, तोच पुढे एचबीएवनसी ठरला. १९९३ साली अमेरिका-कॅनडातल्या १,४४१ टाइप वन रुग्णांच्या मोठ्या अभ्यासाने साखर ताब्यात ठेवली तर डोळे-किडनी वाचतात हे सिद्ध केलं, आणि जगभरची यंत्रं त्या अभ्यासाच्या मापाशी जुळवली गेली. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निदानासाठी ६.५ ची रेघ मान्य केली. त्या १,४४१ जणांत गोऱ्यांचंच प्रमाण प्रचंड होतं. मापपट्टी तिथे कोरली गेली आणि आफ्रिकेत एंटेबेत, कुमासीत, ब्लँटायरमध्ये वापरली जाते.

माझं म्हणणं एवढंच आहे की जिथले रुग्ण, तिथल्याच प्रयोगशाळेत ही पट्टी तपासून घेतली पाहिजे. नुसती यंत्रं पाठवून हे होत नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजात आफ्रिका विभागात २.४ कोटी प्रौढ मधुमेही होते आणि त्यातल्या ५४ टक्क्यांना आपल्याला मधुमेह आहे हेच ठाऊक नव्हतं. जगातल्या सगळ्या विभागांत हे प्रमाण सर्वात जास्त.

सॅम्पलच्या प्रवासाबद्दलही बरंच लिहायचं आहे, ते खाली प्रतिसादात लिहीन. इथे लॅबमधले, डॉक्टर, आणि सिकलसेलच्या भागात काम करणारे कोणी असतील तर जरूर लिहा.

---

निशिगंध | रविवार, रात्री १०.१५

मुरांब्याची उपमा वाचून पहिल्यांदा कळलं की "तीन महिन्यांची साखर" म्हणजे काय. माझी आई गेली नऊ वर्षं दर तीन महिन्यांनी ही टेस्ट करते, पुण्यात. आता ती किती खरी मानायची? तिचं हिमोग्लोबिन मात्र कायम साडेनऊ-दहा असतं.

---

पिपेट | रविवार, रात्री १०.३८

निशिगंध, घाबरू नका. बहुतेकांसाठी ही चाचणी चांगली आहे आणि आईची सुरूच ठेवा. पण साडेनऊ हिमोग्लोबिन डॉक्टरांच्या नजरेला आणून द्या. लोह कमी असल्यामुळे रक्त कमी असेल तर एचबीएवनसी थोडी वर जाते, पेशी फुटत असतील किंवा नुकतं रक्त चढवलं असेल तर खाली. घरी ग्लुकोमीटरवर सकाळची आणि जेवणानंतरची साखर वहीत लिहीत जा. वहीतले आकडे आणि लॅबचा आकडा वर्षानुवर्षं एकमेकांशी जुळत असतील तर काही बिघडलेलं नाही. ग्लुकोमीटरचंही एक सांगते: रक्त फार कमी असलं की काही स्ट्रिप खऱ्यापेक्षा जास्त दाखवतात. म्हणून एकदा लॅबच्या आकड्याशी ताडून बघा.

---

वैनगंगाकाठ | सोमवार, सकाळी ६.५०

पिपेटताई, गडचिरोली जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात लॅब टेक्निशियन आहे. बारा वर्षं झाली.

सिकलसेल आमच्याकडे रोजचं आहे. सोल्युबिलिटी टेस्ट लावायची, पॉझिटिव्ह आली की पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीला (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या चाचण्यांना) पाठवायचं, एएस म्हणजे वाहक की एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजारी ते तिथे कळतं. २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाल्यापासून तपासण्या खूप वाढल्या, गावंच्या गावं तपासली.

पण तुम्ही लिहिलंय ते दोन टेबलांवरचं काम आहे आणि ती दोन टेबलं एकमेकांशी बोलत नाहीत. सिकलसेलच्या रजिस्टरमध्ये बाईचं नाव एएस म्हणून आहे. एनसीडीच्या (मधुमेह, रक्तदाब अशा असंसर्गजन्य आजारांच्या) रजिस्टरमध्ये त्याच बाईची साखर आहे. दोन्ही रजिस्टरं एकाच कपाटात. एक आजी पायाची जखम घेऊन आल्या, सहा आठवडे भरत नव्हती. कुठल्या तरी शिबिरात काढलेला रिपोर्ट जपून पिशवीत आणला होता, एचबीएवनसी ५.८, "शुगर नाही" असं त्यांना सांगितलेलं. मी रँडम काढली तर २६० च्या वर. आजी मलाच म्हणाल्या, "बाळा, तुझी मशीन बिघडली असल." मी तीनदा टोचलं त्यांना. मशीन बरोबर होती. नंतर जुनं रजिस्टर काढलं, आजी एएस.

फक्त एएसमुळे एवढा फरक पडतो का? तुमचा ०.३ चा हिशोब लावला तर नाही पडत.

---

पिपेट | सोमवार, सकाळी ८.०५

बरोबर ओळखलंत, फक्त एएसमुळे नाही पडत. आजींचं हिमोग्लोबिन किती होतं? मलेरिया होऊन गेला होता का? तुमच्या भागात जी६पीडीची कमतरताही आहे. या गोष्टी एकेकट्या येत नाहीत, एकाच माणसात दोन-तीन एकत्र असू शकतात. शिवाय शिबिरात कोणतं यंत्र होतं तेही महत्त्वाचं.

यंत्राचं वेगळं समजून घ्या. दोन प्रकारच्या चुका असतात. एक चूक यंत्राची: हिमोग्लोबिन एस, सी, डी, ई यांचं शिखर नको तिथे येतं किंवा अँटिबॉडी नीट चिकटत नाही, आणि आकडाच चुकतो. याची यादी अमेरिकेतली एनजीएसपी ही प्रमाणीकरण संस्था ठेवते, कोणत्या यंत्रावर कोणता प्रकार अडचण करतो ते त्यात बघता येतं. हल्लीच्या बऱ्याच यंत्रांवर एएसचा त्रास उरलेला नाही, बोरोनेट पद्धतीवर तो कमीच असतो. दुसरी चूक शरीरातली: पेशीचं आयुष्यच कमी. त्यावर कोणतंही यंत्र उपाय नाही. एसएस रुग्णात तर नेहमीचं हिमोग्लोबिन ए नसतंच, तिथे एचबीएवनसी मागवूच नये. मी एकदा एसएस मुलीचा आकडा छापून दिलेला रिपोर्ट पाहिलाय. तो आकडा नेमका कशाचा होता हे कोणीही सांगू शकलं नसतं.

---

आकडेमोड | सोमवार, दुपारी १.२०

धागा आवडला, पण एक हरकत नोंदवतो. मी संख्याशास्त्राचा माणूस, आरोग्य सर्वेक्षणांत काम करतो. अशा लेखनातून लोक "एचबीएवनसी आफ्रिकेत कुचकामी" एवढंच घेऊन जातात आणि तो निष्कर्ष चुकीचा आहे.

युगांडातच मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या एंटेबेतल्या केंद्राशी निगडित संशोधकांनी २०२१ मध्ये ऑप्टिमल नावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. टाइप टू रुग्णांच्या अंगावर सतत साखर मोजणारे सेन्सर लावले आणि त्या खऱ्या सरासरीशी तीन चाचण्या ताडून पाहिल्या: एचबीएवनसी, उपाशीपोटीची साखर आणि फ्रुक्टोसामिन (रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर). रक्तक्षय, सिकलसेल वाहक असं सगळं असूनही एचबीएवनसी त्या सरासरीशी चांगली जुळली, उपाशीपोटीच्या साखरेपेक्षा सरस ठरली. अमेरिकेतल्या सरासरीवरून भीती पसरवण्यापेक्षा हा तिथला, तिथल्या माणसांवरचा पुरावा जास्त वजनाचा नाही का?

---

पिपेट | सोमवार, संध्याकाळी ७.३०

आकडेमोड, मनापासून आभार. मूळ लेखात हा अभ्यास यायलाच हवा होता, तो सुटला ही माझी चूक. जिथला रुग्ण तिथली पडताळणी असं मी म्हणतेय, त्याचं याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही. तिथे मोजलं, आणि बऱ्याच जणांची भीती कमी झाली.

पण दोन प्रश्न वेगळे ठेवूया. ज्याला मधुमेह आहे हे ठरलंय, त्याची साखर ताब्यात आहे का, हा एक प्रश्न. तिथे आकडा सातत्याने थोडा खाली असला तरी मागच्या वेळेपेक्षा वाढला की घटला हे कळतं. ज्याला मधुमेह आहे की नाही हेच ठाऊक नाही, त्याचं निदान करणं हा दुसरा प्रश्न. तिथे सगळा निकाल ६.५ या एका रेघेवर अवलंबून असतो, आणि रेघेजवळ ०.३ सुद्धा माणसाला या बाजूचा त्या बाजूला करतो. अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बेथेस्डात आफ्रिकेत जन्मलेल्या स्थलांतरितांवर मोठं काम केलंय. ग्लुकोज पाजून केलेल्या चाचणीत ज्यांची साखर बिघडलेली निघाली, त्यांतल्या निम्म्याच्या आसपास लोकांना नुसती एचबीएवनसी पकडू शकली नाही. ग्लायकेटेड अल्ब्युमिन जोडीला घेतल्यावर पकड बरीच वाढली. अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं प्रथिन, त्याचा लाल पेशीच्या आयुष्याशी संबंध नाही.

तुमचा अभ्यास आणि हा अभ्यास एकमेकांच्या विरोधात आहेत असं मला वाटत नाही.

---

आकडेमोड | सोमवार, रात्री ८.५५

नियंत्रण आणि निदान वेगळं, मान्य. तरी सरासरी ०.३ म्हणजे प्रत्येक वाहकाचा आकडा ०.३ ने कमी असं नाही, हे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. कुणाचा शून्य, कुणाचा ०.७. म्हणून "वाहक असेल तर ०.३ मिळवा" असा झटपट हिशोब करू नये.

---

नैरोबीकर | मंगळवार, सकाळी ११.१०

वीस वर्षं नैरोबीत, औषधांच्या आणि लॅब साहित्याच्या व्यवसायात. ही चर्चा इथल्या मराठी मंडळींना वाचायला पाठवतोय.

तुम्ही सगळे शास्त्राचं बोलताय, मी पुरवठ्याचं बोलतो. इथे छोट्या दवाखान्यांत ठेवण्यासारखी टेबलावरची एचबीएवनसी यंत्रं येतात, बोटातून एक थेंब, काही मिनिटांत आकडा. पण त्यांच्या कार्ट्रिज फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. केनियाच्या उत्तरेकडच्या तुर्कानासारख्या भागात खोलीचं तापमान दुपारी यंत्राच्या मर्यादेबाहेर जातं आणि यंत्र चालायलाच नकार देतं. वीज गेली की फ्रिज बंद, फ्रिज बंद की कार्ट्रिजची शंका. मग कोणीतरी "अजून गार लागतायत" म्हणून वापरतं. मोठ्या यंत्रांचं तर असं की यंत्र फुकट आणि रीएजंटची बांधिलकी. रीएजंट बंदरात अडकलं की रुग्णालय महिनाभर ती चाचणीच करत नाही.

आणि रुग्ण पैसे खिशातून देतो. एचबीएवनसीचा खर्च पाहून लोक "साधी साखर काढा" म्हणतात. म्हणून साधी साखर तरी बिनचूक निघाली पाहिजे, असं मला व्यवसायात राहूनही ठामपणे वाटतं.

एचआयव्हीच्या निमित्ताने आफ्रिकेत प्रयोगशाळांचं जे जाळं उभं राहिलं ते पाहिलं की आशा वाटते. २००८ मध्ये मोझांबिकमधल्या मापुटोत प्रयोगशाळा बळकट करण्याचा जाहीरनामा झाला, २०११ मध्ये आफ्रिकन सोसायटी फॉर लॅबोरेटरी मेडिसिन उभी राहिली, तिचं मुख्यालय अदिस अबाबात. लॅबना दर्जाप्रमाणे तारे देण्याची पद्धत आली. पाहुणा येणार म्हणून घर आवरतात तशा सुरुवातीला लॅब आवरल्या जायच्या, आता बऱ्याच ठिकाणी रोजच आवरलेल्या असतात.

---

पिपेट | मंगळवार, रात्री ९.१५

नैरोबीकरांनी "साधी साखर तरी बिनचूक" म्हटलं, तिथूनच सॅम्पलच्या प्रवासाकडे येते.

रक्त बल्बमध्ये घेतलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि ग्लुकोज खात राहतात. साध्या तापमानाला तासाला ५ ते ७ टक्के साखर कमी होते, उकाड्यात त्याहून जास्त. हिशोब करून बघा. शिरेतून काढताना १३४ होती. तासाला ६ टक्के धरले तर एका तासाने १२६, दोन तासांनी ११८. मधुमेही माणूस बल्बमध्येच बरा झाला.

आपण सगळे म्हणतो, त्यासाठी तर राखाडी झाकणाचा फ्लोराइड बल्ब आहे. मीही बारा वर्षं असंच मानत आले होते. फ्लोराइड ज्या एन्झाइमला अडवतं ते साखर खाण्याच्या साखळीत बरंच खाली आहे. वरच्या पायऱ्या चालूच राहतात, म्हणून सुरुवातीचे एक-दोन तास तरी साखर घटतच राहते, नंतर थांबते. म्हणजे नेमका जो वेळ वाचवायचा असतो तो फ्लोराइड वाचवत नाही. सायट्रेट घातलेल्या बल्बमध्ये रक्त आम्लधर्मी होतं आणि साखर खाणं लगेच थांबतं. सायट्रेट नसेल तर बल्ब बर्फाच्या पाण्यात बुडवायचा आणि अर्ध्या तासाच्या आत सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे यंत्रात गरगर फिरवून, पेशींपासून प्लाझ्मा (वरचा पातळ भाग) वेगळा करायचा.

आता युगांडातला रस्ता डोळ्यापुढे आणा. तिथे सॅम्पल मोटारसायकलवर येतात. आरोग्य केंद्रांचे गट करून प्रत्येक गटाला एक मुख्य लॅब नेमली आहे, स्वार केंद्रांवर फिरून सॅम्पल गोळा करतो. लाल मातीचा रस्ता, मागे बांधलेली पेटी. एचआयव्हीसाठी ही व्यवस्था उत्तम चालते, कारण कागदावर वाळवलेला रक्ताचा ठिपका आठवडाभरही टिकतो. साखरेचा बल्ब त्याच पेटीत टाकला तर दुपारी दोनला आमच्याकडे पोचायचा, घेतलेला सकाळी आठला. बल्बवर वेळ लिहिलेली नसायची. मी आल्यावर पहिलं काम केलं ते वेळ लिहायला लावायचं. पहिल्या आठवड्यात कोणी लिहिली नाही. मग मी बल्बबरोबर मार्करच पाठवायला लागले, दोऱ्याने बांधून. तिसऱ्या आठवड्यापासून वेळा यायला लागल्या आणि त्या वाचून मी हादरले.

आम्ही एक छोटा पडताळा केला. वीस जणांचं रक्त दोन-दोन बल्बमध्ये. एक जागेवरच सेंट्रिफ्यूज केला, दुसरा नेहमीसारखा मोटारसायकलवर पाठवला. नमुना एवढा छोटा आहे की आकडे इथे देत नाही. पण दोन्ही रकाने शेजारी ठेवून दाखवल्यावर रुग्णालयाने त्या केंद्राला हाताने फिरवायचं सेंट्रिफ्यूज दिलं. विजेची गरज नाही.

याच ठिपक्यांवरून एक फार सुंदर काम झालंय, तेही सांगते. युगांडात लहान बाळांच्या एचआयव्ही तपासणीसाठी गोळा केलेले हे ठिपके कंपालाच्या केंद्रीय लॅबमध्ये साठलेले होते. त्याच कागदांवर सिकलसेलची तपासणी केली, जवळपास एक लाख बाळांची. २०१६ मध्ये निकाल आला: १३.३ टक्के वाहक. जिल्हावार नकाशा तयार झाला. एकाही बाळाला नव्याने टोचावं लागलं नाही. आता त्या नकाशावर बोट ठेवून सांगता येतं की कोणत्या जिल्ह्यात एचबीएवनसीच्या जोडीला उपाशीपोटीची साखर हवीच.

---

धन्वंतरी | बुधवार, रात्री ११.०५

एमडी मेडिसिन, नागपूर. धागा सलग वाचला, ओपीडी संपवून.

एक बाजू अजून आलेली नाही. मधुमेह आहे हे कळल्यावर कोणता, हेही लॅबच सांगते. २०२५ मध्ये कॅमेरून, युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या तरुण रुग्णांचा अभ्यास आला. सगळ्यांना टाइप वन म्हणून इन्सुलिन चालू. त्यांच्या रक्तात स्वादुपिंडाविरुद्धच्या अँटिबॉडी तपासल्या, तर जवळपास ६५ टक्क्यांत त्या नव्हत्याच. यांचा आजार नेहमीचा टाइप वनही नाही आणि लठ्ठपणातून येणारा टाइप टूही नाही. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय महासंघाने कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला टाइप फाइव्ह म्हणून मान्यता दिली, त्याआधीची बैठक वेल्लोरला झाली होती. आपल्याकडे पुण्याच्या केईएममध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी किती वर्षांपूर्वी सांगायला सुरुवात केली होती की भारतीय बाळ वजनाने कमी पण चरबीने जास्त जन्माला येतं. पाश्चात्त्य पुस्तकातला रुग्ण आणि आपल्यासमोर बसलेला रुग्ण एक नसतो, ही गोष्ट मला माझ्या शिक्षणात कुणी शिकवली नाही. ती रुग्णांनी शिकवली.

कंपालातूनच २०२० साली कळलं की डोलुटेग्राविर हे एचआयव्हीचं चांगलं औषध सुरू केल्यावर काही रुग्णांची साखर अचानक भयंकर वाढते. लक्षात आलं ते तिथल्या दवाखान्यात साखर मोजली जात होती म्हणून. आणि झिडोव्ह्युडीन हे एचआयव्हीचं दुसरं औषध घेणाऱ्यांत एचबीएवनसी खोटी कमी येते, तेही मनात असू द्या.

वैनगंगाकाठ, तुमच्या आजी कशा आहेत? पाय वाचला का?

---

वैनगंगाकाठ | गुरुवार, सकाळी ६.३५

डॉक्टर, एक बोट काढावं लागलं. पाय वाचला. आजी आता दर महिन्याला येतात, हातात तीच पिशवी. हिमोग्लोबिन ८.४ होतं आणि त्याआधीच्या पावसाळ्यात दोनदा मलेरिया होऊन गेला होता, पिपेटताईंचा अंदाज बरोबर निघाला.

रात्री हे सगळं वाचून मी कपाटातली दोन्ही रजिस्टरं काढली. एएस असलेले आणि साखर तपासलेले असे ४१ जण सापडले. त्यातल्या १७ जणांची एचबीएवनसी आणि उपाशीपोटीची साखर दोन्ही आहेत. यांचं काही करता येईल का? आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारलं, त्या म्हणाल्या कर, पण नीट कर.

---

आकडेमोड | गुरुवार, सकाळी ९.४०

नक्की करता येईल, आणि मी मदत करतो. तीन गोष्टी आधी बघा. एक, दोन्ही चाचण्या एकाच दिवशीच्या रक्तावर झाल्यात का. वेगळ्या महिन्यांच्या असतील तर ती जोडी सोडून द्या. दोन, एए पॅटर्नचे (सिकलसेलचं जनुक नसलेले) त्याच गावांतले, त्याच वयाचे लोकही घ्या, तुलनेशिवाय १७ आकडे काही बोलत नाहीत. तीन, नावं काढून क्रमांक द्या आणि जिल्ह्याकडून लेखी परवानगी घ्या, मगच कुणाला दाखवा. जुन्या आकड्यांपेक्षा पुढे तीन महिने नव्याने गोळा केलेले जास्त कामाचे ठरतील.

---

पिपेट | गुरुवार, दुपारी १२.१५

आकडेमोडनी सांगितलं त्याला माझी जोड: प्रत्येकाचं हिमोग्लोबिन, मलेरियाचा इतिहास, आणि जमलं तर जी६पीडीची साधी चाचणी. एचबीएवनसी कोणत्या यंत्रावर झाली त्याचं मॉडेल लिहून ठेवा. आणि साखरेच्या बल्बवर दोन वेळा: सुई टोचल्याची आणि सेंट्रिफ्यूज सुरू केल्याची. बर्फ मिळत नसेल तर फ्रिजमधलं गार पाणी घ्या, लसीच्या पेटीतल्या आइसपॅकला चिकटवून बल्ब उभे करा. अर्धा तास ओलांडू देऊ नका.

---

निशिगंध | गुरुवार, रात्री ९.५०

आईच्या डॉक्टरांना हिमोग्लोबिनचं विचारलं. लोहाची तपासणी सांगितली आहे. वही कालपासून सुरू केली: सकाळी ११८, जेवणानंतर १९६.

---

वैनगंगाकाठ | सोमवार, सकाळी १०.२०

आज सुरुवात केली, एकाच गावचे पाच जण, तीन एएस, दोन एए. परवानगीचा अर्ज शुक्रवारीच जिल्ह्याला दिला, उत्तर येईपर्यंत हे फक्त आमच्या रोजच्या नोंदीत राहील. आजी सगळ्यांच्या आधी येऊन बाकावर बसल्या होत्या, उपाशी, सात किलोमीटर चालून. पहिला बल्ब त्यांचाच. टोचलं ७.५२ ला, सेंट्रिफ्यूज सुरू ८.१०.